शांतारामबापूंचे सहा सिनेमे, सांगलीतले सहा शनिवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत वाचनालयाच्या साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये जून ते नोव्हेंबर, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्ही. शांताराम यांचा एक चित्रपट दाखवायचा आहे. प्रेक्षकांत निम्मे निवृत्त शिक्षक आणि कर्मचारी, निम्मी कॉलेजची मुलं. ‘सर्वोत्तम सहा’ निवडायचे तर हाती आलेल्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. कमिटीतल्या बहुतेकांना ‘नवरंग’नं सुरुवात हवी आहे. मराठी आवृत्ती घ्यावी की हिंदी, यावरही घोडं अडलंय.

याद्या जुळणारच नाहीत. मूकपटाच्या काळात कोल्हापुरात सुरुवात केलेला हा माणूस १९७२ च्या रंगीत ‘पिंजरा’पर्यंत आणि त्याच्याही पुढे काम करत राहिला. त्यानं पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, नृत्यप्रधान, तमाशाप्रधान असं सगळं केलं. ज्याला गाणी प्रिय तो ‘अमर भूपाळी’ पहिला लावणार, ज्याला समाजसुधारणा प्रिय तो ‘कुंकू’. त्यामुळे ‘सर्वोत्तम कोणता’ या वादात कमिटीचे तास घालवू नका. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या शनिवारी आलेली माणसं शेवटच्या शनिवारीही यावीत, आणि या दिग्दर्शकाला अष्टपैलू का म्हणतात हे कुणी भाषण न करता त्यांना पडद्यावरच कळावं, यासाठी कोणते सहा घ्यावेत आणि कोणत्या क्रमानं?

माझं मत आधीच सांगतो. नाना प्रकारचे विषय हाताळले म्हणून ते अष्टपैलू, हे अर्धंच खरं आहे. विषय बदलला की ते हत्यार बदलत. एका चित्रपटात सगळा भार आवाजावर, दुसऱ्यात गर्दी आणि पाण्यावर, तिसऱ्यात रंगावर, चौथ्यात एका माणसाच्या नजरेवर. क्रम लावताना हेच दिसलं पाहिजे. एका हत्याराचे दोन सिनेमे लागोपाठ आले की प्रेक्षक म्हणतो, ‘कळलं, असाच असतो यांचा सिनेमा,’ आणि पुढच्या शनिवारी घरी बसतो.

निवडीआधी एक चूक टाळा, कारण ती छापील पत्रिकांतही सर्रास दिसते. ‘संत तुकाराम’ (१९३६) शांतारामबापूंचा नाही. तो प्रभातचा आहे, पण दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचं. ‘संत ज्ञानेश्वर’ही त्यांचाच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच जणांनी मिळून काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडून मुंबईत राजकमल कलामंदिर उभं करू लागले. म्हणून ‘प्रभातचा’ आणि ‘शांतारामांचा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

जूनमध्ये ‘कुंकू’ (१९३७) लावा. ‘नवरंग’ का नाही ते पुढे सांगतो.

सांगलीच्या प्रेक्षकाला ‘कुंकू’ची पूर्वतयारी करून द्यावी लागत नाही. हरिपूरच्या देवलांचं ‘संगीत शारदा’ (१८९९) इथल्या जुन्या माणसांच्या कानात असतं. म्हातारा नवरा, कोवळी मुलगी, पैशासाठी ठरवलेलं लग्न. ‘शारदा’त ते लग्न मोडतं, मुलगी सुटते आणि नाटक संपतं. ‘कुंकू’त ते लग्न लागतं आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. नीरा फसवून दिलेल्या लग्नाला नवऱ्याच्या घरात राहून नकार देते. रडत नाही, पळत नाही, पत्नी म्हणून वागायचंच नाकारते. शो सुरू होण्याआधी एवढी तुलना दोन वाक्यांत सांगितलीत तरी निवृत्त शिक्षकांची अर्धी फळी खुर्चीत पुढे सरकून बसेल. मूळ कादंबरी ‘न पटणारी गोष्ट’, लेखक कोरेगावचे ना. ह. आपटे. म्हणजे साताऱ्याच्या बाजूच्या लेखणीतून आलेली गोष्ट.

आता यातलं हत्यार. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. प्रसंग दुःखाचा आहे हे सांगायला सारंगी येत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं: घड्याळाचे ठोके, ग्रामोफोन, भांडी, पावलं. १९३७ साली, बोलपट येऊन पाच-सहा वर्षं झाली असताना आणि प्रत्येक जण गाण्यांची संख्या वाढवत असताना, हा संयम फार मोठा होता. नीरा झालेल्या शांता आपटे गातात तेव्हाही गाणं त्या घरातच घडतं. एके ठिकाणी तर लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. मुलांना विचारा, ‘पुढच्या अडीच तासांत वाद्यमेळ कुठे वाजतो ते मोजा.’ हा एक प्रश्न दिला की मोबाइल खिशात राहतात.

आणि केशवराव दाते. म्हातारा नवरा खलनायक करणं सोपं होतं. दाते त्याला हळूहळू लाज वाटायला लावतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ आणि तो माणूस यांची सांगड दिग्दर्शकानं घातली आहे. प्रतीक जरा जोरात ठोकलंय, हे मान्य. शांतारामबापूंचा तो कायमचा दोष आहे. जे एकदा दाखवून पुरतं ते ते दोनदा दाखवतात. चर्चेत कुणी हे बोललं तर बचाव करत बसू नका. तो दोष पुढच्या प्रत्येक चित्रपटात शोधायला सांगा.

त्याच घड्याळाचा दुसराही उपयोग आहे, आणि इथेच बहुतेक शो बिघडतात. त्या काळचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, साधारण ४:३. आजचे प्रोजेक्टर आणि टीव्ही ते ताणून १६:९ करतात. माणसं बुटकी, जाडी दिसतात, आणि प्रेक्षकाला काय चुकतंय ते कळत नाही, नुसतं ‘जुनाट’ वाटत राहतं. घड्याळाच्या प्रसंगावर चित्र थांबवा आणि तबकडी बघा. गोल असेल तर ठीक. अंड्यासारखी आडवी असेल तर प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन आकारमान ४:३ किंवा ‘मूळ’ करा. ‘झूम’ अजिबात नको. झूम केल्यावर तबकडी गोल राहते, पण वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात. सप्टेंबरचा चित्रपट पायांचाच आहे, तिथे हे महागात पडेल.

जुलैत ‘माणूस’ (१९३९). पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना. त्याला ती सुटायला हवी आहे, तिलाही हवं आहे, पण तिच्या मनातली भीती तिला पुन्हा पुन्हा मागे ओढते. ‘देवदास’ १९३५ मध्ये गाजला होता आणि प्रेमभंगानंतर झिजून मरणं हा नायकाचा मोठेपणा ठरू लागला होता. ‘माणूस’ त्याला ठाम उत्तर देतो: प्रेम तुटलं तरी माणसाला कामावर जावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. कॉलेजच्या मुलांशी बोलायला सहांपैकी हाच सर्वांत सोपा. यातलं हत्यार म्हणजे छोट्या गोष्टींवर स्थिरावणारा कॅमेरा, आणि मिश्कीलपणा. त्या काळच्या गोड-गोड प्रेमपटांची नक्कल यात उघड केली आहे. ‘आता कशाला उद्याची बात’ अनेक भाषांत फिरतं, कारण मैनेसमोर बसलेली गिऱ्हाइकं अनेक मुलखांतली आहेत. नवी मुलं हे गाणं ओळखतात, पण ते कुठे आणि कुणापुढे गायलं जातं हे त्यांना ठाऊक नसतं. मैना झालेल्या शांता हुबळीकरांचा आवाज आणि डोळे इथे वेगवेगळं सांगत असतात. गाणं कितीही परिचयाचं असो, प्रेक्षकांना टाळ्यांचा ठेका धरू देऊ नका.

ऑगस्टचा शनिवार मोकळा ठेवा आणि मालिका डिसेंबरपर्यंत न्या, असं मी सुचवेन. कारण तुम्हाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी रोज बघणाऱ्या माणसाला सिनेमाला बोलावण्यात अर्थ नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवला तर जाहीर केलेली तारीख रद्द करण्यापेक्षा आधीच सुट्टी दिलेली बरी. एकदा शो रद्द झाला की पुढच्या शोला गर्दी निम्म्यावर येते, मग कारण काहीही असो. जूनच्या शोलाही वीज जाण्याची शक्यता धरून चाला. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला यूपीएस हवाच. चित्र चालू राहावं यासाठी कमी आणि वीज गेल्यावर आतला पंखा चार-पाच मिनिटं फिरून दिवा थंड व्हावा यासाठी जास्त. गरम दिवा तसाच बंद पडत राहिला की त्याचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

सप्टेंबरमध्ये रंग आणा: ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५). एक कारण अगदी व्यवहाराचं. दुसरा शनिवार अनेकदा गणपतीच्या दिवसांत किंवा आसपास येतो. बाहेर मंडळाचा स्पीकर लागला असताना ‘कुंकू’सारखा शांततेवर उभा चित्रपट मातीमोल होतो. तबला, घुंगरू आणि वसंत देसाईंचा वाद्यमेळ मात्र बाहेरच्या आवाजाला पुरून उरतो.

दुसरं कारण रंगाचं. शांतारामबापू रंगाच्या मागे फार आधीपासून होते. १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या प्रती जर्मनीत रंगवून आणण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. त्यानंतर बावीस वर्षांनी टेक्निकलर हे रंगीत चित्रपटाचं तंत्र हाती आलं, आणि भुकेला माणूस ताटावर बसावा तसे ते रंगांवर बसले. गोपीकृष्णांचं नृत्य, संध्याबाईंची मेहनत, आणि गुरूच्या भूमिकेत पुन्हा केशवराव दाते. जूनमध्ये बघितलेला तो म्हातारा नवरा अठरा वर्षांनी नृत्यगुरू होऊन येतो, हे जाहीर सांगा, प्रेक्षकांना असा धागा आवडतो. कथा पातळ आहे, संवाद भरजरी आहेत. मी हा चित्रपट कथेसाठी निवडलेला नाही. पडद्याची चौकट नर्तकाच्या पूर्ण देहाला कशी सामावते, कॅमेरा कधी दूर राहतो आणि नुसता बघतो, हे इथे शिकायला मिळतं. म्हणून मघाशी झूमबद्दल इतकं बोललो. पाय कापले गेले तर या चित्रपटात काही उरत नाही.

आता ‘नवरंग’. १९५९ चा, सी. रामचंद्रांच्या संगीताचा. ‘आधा है चंद्रमा’ आणि होळीचं गाणं कुणाला आवडत नाही? तरीही सुरुवातीला नको. तो दाट, गोड आणि सजलेला आहे. पत्नीतच कल्पनेतली मोहिनी पाहणाऱ्या कवीची गोष्ट दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मनाच्या फार जवळची आहे, आणि तिथे सजावट माणसांना झाकून टाकते. पहिल्याच शनिवारी तो दाखवला तर त्यानंतरचे कृष्णधवल चित्रपट लोकांना उणे वाटतील. रंग बघून सवय झालेल्या डोळ्याला ‘कुंकू’च्या छाया दिसायला वेळ लागतो. उलट क्रमानं गेलात तर रंग सणासारखा येतो. कमिटी ऐकतच नसेल तर ‘झनक झनक’च्या जागी ‘नवरंग’ घ्या, पण दोन्ही नकोत.

आणि रंगानंतर ऑक्टोबरमध्ये लगेच ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). या जागेवर मी सर्वांत जास्त ठाम आहे. टेक्निकलरचं एवढं यश पदरात पडल्यावर पुढच्या मोठ्या चित्रपटात या माणसानं रंग खाली ठेवला. ओसाड माळ, सहा खुनी, एक जेलर. त्या मातीला रंग नको हे त्यांना कळलं. महिन्याच्या अंतरानं हे दोन चित्रपट दाखवलेत तर ‘अष्टपैलू’ शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आणि हा चित्रपट तुमच्या जिल्ह्याचा आहे. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ती औंध संस्थानात होती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, गज नाहीत, कैद्यांनी शेती करायची. पुढे चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर जन्मले शेटफळ्यात आणि वाढले माडगुळ्यात, दोन्ही गावं आटपाडी तालुक्यातली. म्हणजे हा प्रयोग त्यांच्या घराच्या परसात चाललेला होता. शोच्या आधी इतकं सांगाच. पण चित्रपट म्हणजे स्वतंत्रपूरचा वृत्तांत आहे असं मात्र सांगू नका. ती वसाहत ओळखली जाते कैद्यांना बायकामुलांसह राहू देण्यासाठी. पडद्यावरचे सहा जण एकटे आहेत आणि त्यांना बांधून ठेवते ती जेलरची नजर. हा बदल कथेनं मुद्दाम केला आहे. कुटुंब असतं तर त्यांच्या न पळण्याला साधं कारण मिळालं असतं. ते काढून घेतल्यावर उरतो तो एका माणसाचा विश्वास, आणि शीर्षकातले ‘दोन डोळे’ तिथून येतात.

चर्चेसाठी ही जागा सोन्याची आहे: नजर ही माया आहे की पहारा? कैदी पळायला निघतात आणि ते डोळे आठवून परततात. काहींना यात गांधी दिसतील, काहींना तुरुंगाची भिंत मनात नेऊन बांधल्यासारखी वाटेल. दोन्ही बाजूंना बोलू द्या. भाजी बाजाराचा प्रसंगही विसरू नका. कैदी योग्य भावात भाजी विकतात आणि व्यापारी उठतात. सांगलीत बाजारभाव हा विषय कुणाला समजावावा लागत नाही. शेवटच्या बैलांच्या झटापटीच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या स्वतःच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. बर्लिन महोत्सवात १९५८ मध्ये या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं, देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पदकांची यादी पत्रिकेवर छापा, बोलण्यात घालू नका. शोनंतर स्वतंत्रपूरला सहल काढायचा मोह होईल. ती कारागृह विभागाची वसाहत आहे, तिथे राहणारी माणसं प्रदर्शनीय नाहीत. लेखी परवानगीशिवाय जाऊ नका, आणि मिळाली तरी फोटो काढू नका.

नोव्हेंबरसाठी ‘शेजारी’ (१९४१). दिवाळी कधी आहे ते बघून तारीख आठवडाभर पुढे-मागे करा. विश्राम बेडेकरांची कथा: एक हिंदू, एक मुसलमान, जुने शेजारी, आणि धरणासाठी जमिनी हव्या असलेला एक माणूस, जो त्यांच्यात भांडण लावून देतो. भांडण धर्माचं वाटतं, पण मुळाशी जमीन आहे. १९४१ साली हे इतकं स्पष्ट दाखवलं गेलं, याचं आजही नवल वाटतं. शेवटी धरण फुटतं आणि दोघं मित्र एकमेकांचा हात धरून पाण्यात जातात. ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं आहे त्यांना हा भाग पावसाळ्यात दाखवू नये, म्हणून मी तो नोव्हेंबरात टाकला. आधी दोन शब्दांत कल्पना द्या. ‘लख लख चंदेरी’ या गाण्यात मात्र शांतारामबापू किती मोकळे होते ते दिसतं. माणसांच्या रांगा, उजेड आणि ताल यांची एवढी सुरेख बांधणी त्यांना पुढे रंगीत चित्रपटांतही क्वचितच जमली, असं माझं मत आहे.

मराठी की हिंदी याचं उत्तर ‘शेजारी’मुळे सोपं होतं. प्रभातचे बरेचसे चित्रपट दोन भाषांत स्वतंत्र चित्रित होत. सेट तोच, नट कधी तेच, कधी वेगळे. म्हणून ‘डब केलंय का?’ हा प्रश्न इथे लागू होत नाही, ‘कोण आहे?’ हा लागू होतो. ‘कुंकू’ आणि ‘माणूस’मध्ये मुख्य जोडी दोन्ही भाषांत तीच आहे, तेव्हा मराठी घ्या. ‘शेजारी’त गजानन जागीरदार दोन्हीकडे मिर्झा आहेत, पण हिंदू मित्र मराठीत केशवराव दाते आणि हिंदी ‘पडोसी’त मझहर खान. हिंदीत म्हणजे मुसलमान नट हिंदूची भूमिका करतो आणि हिंदू नट मुसलमानाची. मराठी प्रत धड मिळाली नाही तर हिंदी बिनधास्त लावा, त्या निवडीलाही अर्थ आहे. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूच्या डोळ्याचं ते प्रसिद्ध भव्य चित्र चंद्रमोहनचं आहे आणि ते हिंदीत, मराठीत राजगुरू दाते. तो मी सहांत घेतला नाही, कारण फिरणाऱ्या प्रती बहुधा इतक्या काळवंडलेल्या असतात की मशालींचा उजेड, जो त्या चित्रपटाचा जीव आहे, नुसता राखाडी डाग होतो. चांगली प्रत हाती आली तर ‘माणूस’च्या जागी तो घेण्याइतका मोठा आहे.

डिसेंबरात ‘पिंजरा’ (१९७२). याची ओळख करून द्यायची गरज नाही, म्हणून थोडंच सांगतो. मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू साताऱ्यात जन्मले, संगीतकार राम कदम मिरजेचे, गीतं जगदीश खेबुडकरांची. तुमच्या प्रेक्षकांना हा घरचा कार्यक्रम वाटेल आणि तोच धोका आहे. लोक लावण्या ऐकायला येतात आणि मास्तरांची गोष्ट निसटते. गावात त्यांचा पुतळा उभा आहे आणि ते स्वतः जिवंतपणी स्वतःच्याच खुनाचे आरोपी आहेत, याहून कठोर कल्पना मराठी पडद्यावर फारशी नाही. आधीचे पाच बघितलेल्या माणसाला ‘माणूस’ची मैना आणि इथली तमाशातली चंद्रकला शेजारी ठेवता येतील. तिथे शिपाई वर उठून कामावर जातो, इथे मास्तर खाली येत जातो. तेहेतीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकानं स्वतःच्याच आशावादाला विचारलेला हा प्रश्न आहे, असं मी समजतो.

बाहेर राहिलेल्यांपैकी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) मिरजेत, डॉक्टर आणि परिचारिकांसमोर वेगळा शो म्हणून करा. सोलापूरचा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला, ही गोष्ट मिरजेच्या दवाखान्यांच्या गावात वेगळी पोचेल. ‘धर्मात्मा’ (१९३५) बालगंधर्वांसाठी जमलेल्या मंडळींपुरता ठेवा.

हॉलची जुळणी अशी. ४:३ साठी आठ फूट रुंद, सहा फूट उंच पडदा साठ माणसांना पुरतो. पहिली रांग पडद्यापासून बारा फुटांच्या आत नको. खिडक्यांना जाड पडदे असतील तर ३,००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर भरपूर झाला. प्रोजेक्टर ‘सिनेमा’ मोडवर ठेवा, ‘डायनॅमिक’ मोडमध्ये कृष्णधवल चित्र निळसर होतं आणि चेहरे पांढरेफटक पडतात. आवाजात सर्वांत मोठी चूक म्हणजे लग्नाच्या हॉलसारखे भोवती स्पीकर लावणं. जुन्या ध्वनिपट्टीत खर्ज आणि तार दोन्ही कमी असतात, सगळा जीव मधल्या सुरांत. दोनच स्पीकर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे उंच. बास उतरवा, ट्रेबल थोडं कमी करा म्हणजे खरखर बोचत नाही. ‘अजून मोठा करा’ अशी मागणी आली तर आधी घुमणारी फरशी तपासा. सतरंज्या अंथरल्या आणि मागच्या भिंतीला जाड कापड लावलं की शब्द सुटे ऐकू येतात, आवाज वाढवावा लागत नाही.

प्रत आठवडाभर आधी पूर्ण बघा, पहिली दहा मिनिटं बघून भागत नाही. अनेक प्रतींत मधलं रीळ गायब असतं, गाणं कापलेलं असतं, किंवा शेवटच्या भागात आवाज चित्रापुढे पळतो. कृत्रिम रंग भरलेली प्रत असेल तर घेऊ नका. मध्यंतर चित्रपटात जिथे आहे तिथेच घ्या, दहा मिनिटांचं. चहा हॉलबाहेर.

परवानगीचं काम मात्र जूनच्या आधीच सुरू करा. घरी बघायला घेतलेली डीव्हीडी किंवा इंटरनेटवरची प्रत सार्वजनिक शोला चालत नाही, तिकीट नसलं तरीही. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्या हिशेबानं १९३७ ते १९५७ चे पाचही चित्रपट त्या मुदतीबाहेर आहेत, पण कथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क लेखक-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वेगळे चालतात, आणि माडगूळकर गेले १९७७ मध्ये. म्हणून प्रत्येक चित्रपटासाठी हक्कधारकांना लेखी विचारा. प्रतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी करा. ‘पिंजरा’ तर २०३२ अखेरपर्यंत पूर्ण संरक्षित आहे. त्याचं पत्र सर्वांत आधी टाका, आणि ऑक्टोबरपर्यंत होकार आला नाही तर डिसेंबरसाठी ‘अमर भूपाळी’ची (१९५१) चौकशी लगेच सुरू करा. शाहिरी आहे, वसंत देसाई आहेत, आणि ‘घनश्याम सुंदरा’ लागल्यावर हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचाही आवाज येत नाही.